अधिकातली अंघोळ

बेलदरा, ता. कर्जत
शनिवार, ९ मे २०२६

॥ श्री ॥

चि. ज्ञानेश्वरीस मामीचे आशीर्वाद.

फोन असताना मामी पत्र काय लिहितीय, असं म्हणशील. घरात फोन एकच, तो तुझ्या मामांच्या खिशात. आणि तूच मागं म्हणालीस, की हल्ली माणसं तुझं बोलणं भरून घेतात आणि ग्रुपवर सोडतात. लिफाफ्याला पाच रुपये गेले तर जाऊ देत, हे आपल्या दोघींतच राहावं. म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितेय, अक्षर बारीक आहे, उजेडात वाच.

तुला आमच्या नदीचा भाग मिळाला हे कळलं तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली. भिंगारची खोली कशी आहे? पाणी रोज येतं का? डबा लावू नकोस. एकटीचा स्वयंपाक कुकरच्या दोन शिट्ट्यांत होतो.

आता कामाचं. परवा तुझ्या जलसंधारण ऑफिसचा कागद आला, मामांच्या नावानं, बंधारा समितीचे अध्यक्ष म्हणून. खाली सही तुझी. सही बघून मामा हसले, "आमच्या खांद्यावर बसून नदी बघितली, आन् आता आमालाच हुकूम!" हसले खरे, पण कागद परत परत वाचत होते. मे अखेरपर्यंत बंधाऱ्याच्या सगळ्या लोखंडी फळ्या काढा, असं त्यात आहे.

यंदा सतरा तारखेपासून अधिक महिना लागतो, तो पंधरा जूनला संपतो. शेवटची अमावस्या सोमवारी आलीय. अधिकात नदीची अंघोळ करायची, हे तुला सांगायला नको. कालव्याचं पाणी नदीत सुटल्यानं बंधारा निम्मा भरलाय. फळ्या काढल्या की तिथं पोटरीभर धार राहील.

माझा नवस आहे, ज्ञानू. अधिकाचा अख्खा महिना, एक दिवस न चुकवता, नदीत डोकं बुडवून अंघोळ करीन असं बोलले होते. कशासाठी ते विचारू नकोस, फिटेपर्यंत सांगायचं नसतं. पण "डोकं बुडवून" असं तोंडातून गेलंय, आता तांब्यानं भागत नाही. माझ्यामागं भजनी मंडळाच्या बायाही आहेत. मामा म्हणाले, "बायांचा धर्म बुडवून मी फळ्या काढनार न्हाई, तुझ्या भाचीला तूच लिही."

म्हणून लिहिते. पंधरा दिवसांची सवलत दे. जास्त मागत नाही.

तुझी मामी

•

भिंगार
बुधवार, १३ मे

ती. मामींस नमस्कार.

पत्र उघडलं आणि खोलीत तुमच्या देवघराचा वास आला. पाणी एक दिवसाआड येतं. कुकरच्या दोन शिट्ट्या जमल्या, तिसऱ्या दिवशी करपलं.

मामी, हे पत्र लिहायला मी दोन दिवस टाळाटाळ केली. मला सवलत देता येणार नाही. अधिकार नाही हे खरं आहे, पण असता तरी दिली नसती. मग तो अधिकाराचा आडोसा कशाला घेऊ?

मामांच्या खांद्यावर बसून मीच बघितलंय. नदीत खांब उभे, दोन खांबांमध्ये खाचा, खाचांत एकावर एक फळ्या. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत फळ्या घालून पाणी धरायचं आणि पावसाळ्याआधी काढून नदीला वाट द्यायची. वाट दिली नाही आणि वर कुठं मोठा पाऊस झाला, तर वाहून आलेल्या बाभळी, उसाचं पाचट, सगळं फळ्यांना येऊन अडकतं. पाणी चढत जातं. पुढं जाता येत नाही म्हटल्यावर ते बंधाऱ्याच्या कडेचा काठ फोडतं आणि तिथून नवी वाट काढतं. शेजारच्या दोन गावांत असंच झालेलं मी या वर्षी बघून आले. तिथं आता शेताच्या जागी दगडगोटे आहेत.

आपल्या बंधाऱ्याच्या डाव्या कडेला कोण राहतं, ते तुम्हाला सांगायला नको. कडूबाईचं पत्र्याचं घर, तिची शेळ्यांची दावण आणि एवढासा तुकडा. नदीनं काठ फोडला तर आधी ते जाईल.

पाऊस जूनमध्येच येतो, असंही आता राहिलं नाही. गेल्या साली मे महिन्यातच कसा कोसळला, आठवा.

नवस कशाचा ते विचारत नाही. पण देवाला डोकंच बुडवलेलं लागतं का हो, मामी? नुसतं वाकवलेलं चालत नाही?

तुमची
ज्ञानेश्वरी

•

बेलदरा
बुधवार, २० मे

चि. ज्ञानेश्वरीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. अंघोळी सुरू झाल्यात.

देवाला काय चालतं आणि काय चालत नाही, हे मी तुला विचारलं नव्हतं. आठवीपासून बारावीपर्यंत तू या घरात होतीस. परीक्षेला निघताना देवापुढची वात सरळ जळतेय का, ते बघून निघायचीस. आता साहेबीण झालीस, बरं झालं.

कडूबाईची काळजी तुला नगरात बसून वाटते. आम्ही रोज तिच्या दारावरून जातो.

फळ्यांचं म्हणशील तर मामा तारखेच्या आत काढतो म्हणालेत. तुझ्या नोकरीला आमच्यामुळं डाग लागणार नाही.

मामी

•

भिंगार
शुक्रवार, २९ मे

ती. मामींस नमस्कार.

तुमचं पत्र मी उशीखाली ठेवून तीन दिवस रागावले होते. मग काल मामांचा फोटो आला. देवळाच्या पडवीत फळ्यांचा ढीग, आणि शेजारी मामा छाती काढून उभे. बघून एकटीच हसले. खाली लिहिलंय, "हुकुमाप्रमाणे काम फत्ते."

आमच्या भागातलं तारखेआधी मोकळं झालेलं पहिलं मोठं गाव आपलं. मी लगेच अहवालात लिहिलं, बेलदरा, सर्व फळ्या काढल्या. साहेब म्हणाले, "जाऊन बघितलं का?" मी म्हणाले, "तिथं बघायला जायची गरज नाही, माझी मामी आहे तिथं."

खरंच सांगते, इतर गावांत फार बोलणी खाल्ली. एकानं तर तोंडावर विचारलं, "म्याडम, तुमच्या घरी शेती हाय का नुसतं पुस्तक?" तेव्हा मनात म्हटलं, माझ्या मामीनं नवस बाजूला ठेवलाय, तुम्ही काय सांगता.

आता धार पोटरीएवढीच असेल ना? अंघोळीचं काय करता? माझ्यावर राग असला तर असू द्या, पण लिहा.

ज्ञानेश्वरी

•

बेलदरा
मंगळवार, २ जून

चि. ज्ञानूस आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. दुपारी जेवायला बसले, भाकरी मोडली आणि तशीच टोपल्यात ठेवली. "माझी मामी आहे तिथं." हे तू साहेबांपुढं म्हणालीस.

ज्ञानू, पाणी तसंच आहे. मी रोज कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून डोकं बुडवते.

मामांनी फक्त वरच्या थराच्या फळ्या काढल्या. पडवीच्या मागच्या खोलीत जुन्या, गंजून बाद झालेल्या फळ्या पडून होत्या, त्या बाहेर काढून यांत मिसळल्या. ढीग मोठा दिसला, फोटो काढला. मी तिथंच वाती वळत बसले होते. मला कळलं होतं आणि मी गप्प बसले. मनात म्हटलं, आपण खोटं थोडंच बोललो, नुसतं बोललो नाही एवढंच.

आज सकाळी कडूबाई शेळ्यांना पाणी दाखवायला आली होती. लंकाबाई तुला माहीत आहे, अंगानं भरलेली आणि तोंडानं त्याहून. ती पाण्यात उतरली की पाणी वर चढतं, असं बाया म्हणतात. ती कडूबाईला म्हणाली, "ये की गं कडू, एक बुडी मार, पुन्य लागल."

कडूबाई म्हणाली, "मला पुन्य नगं, मला काठ पायजे. तुमी नाक धरून बुड्या मारता, देव खुश. तुमच्या आडून वरल्या अंगाला पंधरा मोटारी पानी वढत्यात, त्ये मालक बी खुश. नदीला कुनी इचारलं का, बाई तू खुश हायस का?"

लंकाबाई म्हणाली, "लई बोलायला लागली गं!"

"बोलती तर. माझं घर जाईल तवा तुमी 'अरेरे' म्हनायला येताल. लुगडं बी द्याल एखादं. लुगड्यात शेळ्या बांधू व्हय?"

मी ओल्या अंगानं तशीच घरी आले.

आता तुला सांगते, नवस कशाचा ते. सांगायचा नसतो, तरी सांगते. मागच्या अधिकात, श्रावणात, तुझी परीक्षा होऊन निकाल अडकला होता. तू खर्ड्याला आईजवळ खोलीत दार लावून बसायचीस, जेवायचीही नाहीस. तेव्हा मी नदीकाठी उभी राहून बोलले, माझ्या ज्ञानूला सरकारी नोकरी लागू दे, पुढच्या अधिकात महिनाभर डोकं बुडवून अंघोळ करीन. पुढं महिन्याभरात तुझा निकाल लागला.

नवस तुझा आहे. तो मोडला तर मला काही होणार नाही, तुला होईल, ही भीती आहे. रस्त्यानं एकटी फिरतेस, नदीनाल्यांत उतरतेस. अमावस्या पंधराला आहे. तेवढे दिवस पाऊस थांबला तर सगळंच निभावेल, असं रोज देवाला म्हणते. तुला खरं सांगितलं, आणि तरी अजून मागतेच आहे, हेही कळतंय मला.

तू सांग.

मामी

•

भिंगार
शुक्रवार, ५ जून

मामी,

पत्र वाचून आधी राग आला, मग रडू आलं, मग परत राग आला. आत्ता कोणता चालू आहे ते मलाही माहीत नाही.

मी न बघता लिहिलं, ही चूक माझी. फोटो मामांचा होता, पण सही माझी. आज सकाळी साहेबांना लेखी दिलं, की बेलदऱ्याचा माझा अहवाल चुकीचा आहे. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "नात्यातलं गाव आहे. दुसऱ्या कुणाला पाठवू?" मी म्हणाले, "सोबत दुसरे अधिकारी द्या, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. पण जाईन मीही."

बुधवारी, दहा तारखेला, आम्ही माणसं आणि साखळीची पुली घेऊन येतोय. मामांना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. तुमच्याकडून आणखी काही लपवून घेण्याची माझी इच्छा नाही.

आणि नवसाचं. मी त्या दिवसांत जेवत नव्हते, हे आईनंसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला कुठून कळलं, ते आता विचारत नाही. पण मामी, तुमच्या बोलण्यानं मला ही नोकरी लागली असेल, तर ती मला करू द्या. निम्मी नोकरी मागून घेतली होती का तुम्ही?

पाऊस थांबेल की नाही, ते माझ्या हातात नाही आणि तुमच्याही. वर डोंगराकडं ढग रोज दुपारी भरून येतात.

ज्ञानेश्वरी

•

बेलदरा
गुरुवार, ११ जून

चि. ज्ञानूस मामीचे आशीर्वाद.

काल तू आलीस आणि गेलीस, मी समोर आले नाही. तू दोनदा देवळाकडं मान वळवून बघितलंस, ते मी आतून पाहिलं. काठावर एकही बाई नव्हती, याचं तुला नवल वाटलं असेल. त्याचं कारण लिहिते.

तू येणार हे मी सांगायच्या आधीच मामांना कुणीतरी फोन केला होता. मंगळवारी दुपारी जेवता जेवता मला म्हणाले, "उद्या समद्या बायांना सकाळधरनं पान्यात उभं कर. टाळ घ्या, भजन म्हना. बायांना हात लावायची कुनाची छाती न्हाई. पोरगी येईल, च्या पिऊन जाईल."

मी म्हटलं, "आणि मोटारी चालूच राहतील."

ते म्हणाले, "कसल्या मोटारी?"

कडूबाईचं बोलणं कानांत होतं, म्हणून सोमवारी मी बंधाऱ्यापासून वरच्या अंगाला काठानं चालत गेले होते. इतकी वर्षं त्या पाण्यात उतरते, पण तिकडं कधी गेले नव्हते. बाभळींच्या आड एकापुढं एक काळे पाइप. त्यांतला एक आपला. मी तेच बोलले.

"मग काय ऊस वाळवू?" म्हणाले.

"वाळवा असं मी म्हणत नाही. पण माझ्या नवसाच्या पदराआड पाइप झाकू नका."

ते ताटावरून उठले. लग्नाला सदतीस वर्षं झाली, पण अन्न टाकून उठलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांचं ताट झाकून ठेवलं, टाकवत नाही म्हणून.

संध्याकाळी हरिपाठाला सगळ्या बाया जमल्या. मी सांगितलं, उद्यापासून बंधाऱ्याच्या साठ्यात मी उतरणार नाही, ज्यांना जायचं त्यांनी जावं. एकच गलका झाला. कुणी म्हणालं, महिना मोडतो. कुणी म्हणालं, भाचीसाठी धर्म सोडला. लंकाबाई म्हणाली, "मनकर्णाबाई, नवस तुमचा. तुमीच फिरल्या तर आमी कुनाच्या जिवावर बुडायचं?"

मी म्हटलं, "नवस ज्या पोरीसाठी बोलले, तीच उद्या येणार आहे. तिनं न बघता सही केली ती माझ्या भरवशावर. उद्या कडूबाईचं घर गेलं, तर ते माझ्या पोरीच्या सहीखाली जाईल. देवाकडं मी तिच्यासाठी हे मागितलं होतं का?"

लंकाबाई जरा वेळ टाळाच्या दोरीशी खेळत बसली. मग म्हणाली, "जाऊ द्या. मलाबी पाय घसरायची भ्या वाटतीच त्या शेवाळात."

म्हणून काठ मोकळा होता. आम्ही सगळ्या देवळात होतो. भजन चालू होतं, पण बाहेर साखळी करकरली की आतला सूर बसायचा.

आज सकाळी नदीवर गेले. पोटरीभर पाणी, पण वाहतं, आणि तळाची वाळू दिसेल इतकं स्वच्छ. बुडायला जागा नाही, म्हणून सरळ आडवी झाले आणि डोकं पाण्याखाली नेलं. लंकाबाई काठावरून ओरडली, "अवो बाई, म्हशीवानी काय लोळताय!" आणि मग तीही येऊन लोळली. ज्ञानू, तिनं धार अडवली की काय, असं क्षणभर वाटलं. हसून हसून पोट दुखलं. मग आम्ही एकमेकींच्या अंगावरची वाळू झटकली.

भीती अजून गेलेली नाही. पण डोकं बुडतंय, एवढं कळवते. मामा घरात बोलत नाहीत. तू जेवून गेली नाहीस, याचं मला फार लागलं.

तुझी मामी

•

भिंगार
शनिवार, १३ जून

ती. मामींस नमस्कार.

तुमचं पत्र आज सकाळी आलं. म्हशीचं वाचून मी ऑफिसात (आज सुट्टी असून बोलावलंय) मोठ्यानं हसले, सगळे बघायला लागले.

तुम्ही देवळात होतात, म्हणून तुम्हाला एक माहीत नसेल. वरच्या फळ्या भराभर निघाल्या. खालच्या गाळात रुतल्या होत्या, हलेनात. आमची माणसं पहारी घालायला लागली. मामा काठावर हात बांधून उभे होते, मघापासून माझ्याकडं बघतही नव्हते. एकदम ओरडले, "आरं, मोडता का काय! पहार घालू नगा, खाच फुटंल! साखळी तिरपी वढा!" कुणाला जमेना. तेव्हा चपला काढल्या, धोतर वर खोचलं आणि स्वतः पाण्यात उतरले. गाळात हात घालून एकेक फळी मोकळी करून दिली. शेवटची निघाली तेव्हा पाणी जे सुटलं, त्यात त्यांचा तोल गेला. मी हात दिला. त्यांनी धरला. वर आल्यावर सोडला आणि चपला हातात घेऊन निघून गेले.

मला खुलाशाची नोटीस मिळालीय. न बघता अहवाल का दिला, ते सात दिवसांत लिहायचं. समितीलाही स्वतंत्र नोटीस निघाली. त्यात मामांचं नाव मला लिहावं लागलं. सख्ख्या मामाचं नाव कागदावर लिहिताना काय वाटलं, ते तुम्हाला सांगत बसत नाही. तुम्हीच समजून घ्या.

महत्त्वाचं. हवामान खात्याचा उद्यापासून जोराच्या पावसाचा इशारा आहे. वरच्या भागात सुरूही झालाय. कडूबाईला रात्रीपुरतं तरी देवळात यायला सांगा. आणि अमावस्येला नदीत उतरू नका, मामी. माझी शपथ घालते. नवस माझा आहे ना, मग मला तेवढा हक्क आहे. हे पत्र वेळेत पोचणार नाही, म्हणून मामांच्या फोनवरही निरोप ठेवतेय.

ज्ञानेश्वरी

•

बेलदरा
गुरुवार, १८ जून

॥ श्री ॥

चि. ज्ञानेश्वरीस मामीचे अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मामांनी ऐकला. फोन माझ्या कानाशी धरून मलाही ऐकवला. डोक्यावर पोतं घेतलं आणि पावसात बाहेर पडले. परत आले ते कडूबाईच्या शेळ्या हाकत. मागून कडूबाई, काखेत गोधडी, तोंडाचा पट्टा चालू, "अध्यक्षसायेब, शेळ्या मोजून घ्या, मागल्या बारीवानी फोटुत जास्ती दिसत्याल!" मामांनी ऐकून घेतलं. मी मान खाली घालून हसले.

सोमवारी उजाडता सगळं गाव देवळाच्या ओट्यावर होतं. तशी नदी मी पाहिली नव्हती. लाल, फेसाळ, आणि आवाज असा की शेजारी बोललेलं ऐकू येईना. बाभळीची अख्खी झाडं मुळांसकट वाहत येत होती. ती खांबांपाशी यायची, गिरकी घ्यायची आणि मोकळ्या गाळ्यांतून पुढं निघून जायची. एक झाड आडवं अडकलं. तेव्हा पाणी डाव्या काठाला चढलं, कडूबाईची शेळ्यांची दावण घेऊन गेलं आणि शेताचा कोपरा ढासळला. मग ते झाड सुटलं आणि पाणी परत पात्रात आलं. घर राहिलं.

फळ्या असत्या तर अशी सगळीच झाडं अडकली असती. हे मामांना कुणी सांगितलं नाही. त्यांनी खांबांवरची नजर काढली नव्हती. तसंच बघत म्हणाले, "पोरीचा हात लई बारीक हाय. जेवती का न्हाई नीट?" एवढंच.

समितीच्या नोटिशीचं उत्तर त्यांनी काल सांगितलं आणि मी लिहून काढलं. फळ्या कुणी ठेवल्या, फोटो कसा काढला, सगळं जसं झालं तसं. मी मध्येच विचारलं, "हे पण लिहू?" म्हणाले, "लिही. तिच्या नोटिशीला उपेगी पडंल." कागद द्यायला उद्या शुक्रवारी स्वतः नगरला येतायत, तिथून तुझ्या खोलीवर. ज्वारीचं पीठ आणि मेतकूट देतेय. डबा रिकामा झाला की परत पाठव. माफी-बिफी मागणार नाहीत. तूही मागू नकोस. कुकर लाव, आणि करपवू नकोस.

आता अंघोळीचं. अमावस्येला तुझी शपथ होती, आणि शपथ नसती तरी त्या पाण्यात कुणी उतरलं नसतं. शेवटचाच दिवस, सोमवती, आणि समोर एवढं पाणी असून अंगाला लावता येईना. मी ओट्यावर रडत बसले. नवस एका दिवसानं हुकला, आता माझ्या ज्ञानूचं काय होईल, हेच डोक्यात.

कडूबाई आली. तिनं देवळामागं तीन दगडांची चूल मांडून पन्हळीचं पाणी तापवलं होतं. मला हाताला धरून उठवलं आणि दगडावर बसवलं. "बसा बाई. वाका. हरगंगे म्हना." तांब्यानं पाणी घालत राहिली. पाठ चोळली. कुणी माझी पाठ चोळून किती वर्षं झाली होती, आठवेना. मी म्हटलं, "कडूबाई, डोकं बुडवून बोलले होते गं." ती म्हणाली, "आवो, वरून बी पडतंय, खालून बी वाहतंय, मधी मी वततीय. आनखी किती बुडायचं?"

ते पटलं. तरी बोललेला शब्द तो शब्द. देवाची बाकी ठेवून मला झोप लागत नाही. म्हणून काल पंचांगवाल्या गुरुजींना विचारलं, पुढचा अधिक कधी. म्हणाले, तीन वर्षांनी, आणि चैत्रात येतोय.

चैत्रात म्हणजे ऐन उन्हाळ्यात. तेव्हा तुझ्या नियमानं फळ्या बंधाऱ्यात असतात, हो ना? मी मनाशी तसं धरलंय. पण या वेळेस आधी विचारून मग नवस बोलायचा, असं ठरवलंय. तेवढं ऑफिसात बघून नक्की कळव.

तुझी मामी
मनकर्णा